करिअरसाठी स्वॉट: चौकोन भरण्याआधी प्रश्न ठरवा

स्वॉटचा तक्ता आपल्याकडे शिकलेल्या बहुतेक मुलामुलींनी एकदा तरी भरलेला असतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एमबीएच्या पहिल्या सत्रात, नाहीतर कंपनीतल्या एखाद्या ट्रेनिंगला. कागदावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची. वरच्या दोन चौकोनांत आपली बलस्थानं आणि उणिवा लिहायच्या, खालच्या दोनांत संधी आणि धोके. वीस मिनिटांत काम उरकतं. बलस्थानांत ‘मेहनती, प्रामाणिक, सगळ्यांत मिसळणारा’, उणिवांत ‘इंग्रजी कच्चं’, संधीत ‘आयटी क्षेत्र वाढतंय’ आणि धोक्यात ‘स्पर्धा’. वरचं नाव झाकलं तर हा कागद आपल्या कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत कुणाचाही असू शकतो. म्हणून तो कुणाच्याच उपयोगाला येत नाही.

मला याचं वाईट वाटतं, कारण पद्धत खरोखर चांगली आहे. पुण्याला जावं की इथंच राहावं, स्पर्धा परीक्षेचा आणखी एक प्रयत्न करावा का, नोकरी सोडून वडिलांच्या वर्कशॉपला बसावं का, असले निर्णय आपण बऱ्याचदा कुणाचं तरी बघून घेतो. मावसभाऊ पुण्याजवळच्या चाकणला गेला म्हणून आपणही. मित्र अधिकारी झाला म्हणून आपलाही अजून एक प्रयत्न. अशा वेळी तासभर बसून स्वतःची परिस्थिती कागदावर नीट मांडता आली तर पुढची दोन-तीन वर्षं वाचू शकतात.

स्वॉट मुळात माणसांसाठी नव्हतं, कंपन्यांसाठी होतं. १९६० च्या दशकात हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक कंपनीचं धोरण शिकवताना कंपनीची ताकद आणि बाहेरची परिस्थिती यांची सांगड घालायला शिकवत होते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येही जवळपास अशाच मांडणीवर काम चाललं होतं. श्रेय कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याला जास्त उपयोगी आहे ती पुढची गोष्ट. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या २० कंपन्यांत झालेले स्वॉट तपासले आणि १९९७ साली निष्कर्ष मांडले. याद्या लांबलचक होत्या, शब्द मोघम होते, कुठला मुद्दा जास्त महत्त्वाचा हे ठरवलेलं नव्हतं, लिहिलेलं खरं आहे का हे कुणी पडताळलं नव्हतं. आणि पुढचं धोरण ठरवताना त्या याद्या कुणी वापरल्याच नव्हत्या. कंपन्यांची ही गत, मग वहीत घाईने भरलेल्या आपल्या तक्त्याचं वेगळं काय होणार?

यातल्या प्रत्येक चुकीवर उपाय आहे आणि एकही अवघड नाही.

प्रश्न एकच, तोही मुदतीसह

‘माझं स्वॉट’ असं काही नसतं. स्वॉट एखाद्या निर्णयाचं असतं. ‘मला आयुष्यात काय करायचंय’ हा प्रश्न घेऊन बसलात तर चारही चौकोनांत वाट्टेल ते मावतं. म्हणून कागदाच्या डोक्यावर आधी प्रश्न लिहा आणि त्यात मुदत घाला.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो, म्हणजे धागा सुटणार नाही. समजा, एक मुलगा आहे. वय २७, मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पाच वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला. राहायला वडणग्यात. वडिलांचा तीस गुंठे ऊस. त्याचा प्रश्न असा: ‘येत्या दीड वर्षात चाकणकडे नोकरी बघू, की कोल्हापुरातच राहून कामाचं स्वरूप बदलू?’

प्रश्न असा नेमका झाला की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे आपोआप कळायला लागतं. त्याला तबला वाजवता येतो, ही चांगली गोष्ट आहे, पण या कागदावर तिचं काही काम नाही. उलट ‘शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वीसेक कारखान्यांत ओळखी आहेत’ हा मुद्दा इथं राहायचं असेल तर मोठं बलस्थान आहे आणि चाकणला गेल्यावर त्याची किंमत निम्म्यावर येते. बलस्थान माणसाला कायमचं चिकटलेलं नसतं. प्रश्न बदलला की तेही बदलतं.

बलस्थान लिहा, पण पुराव्यासकट

या मुलाच्या पहिल्या मसुद्यात काय असेल ते आपल्याला माहीत आहे: मेहनती, वक्तशीर, शिकण्याची आवड. हे खोडा. त्याऐवजी तो रोज नेमकं काय करतो ते बघा.

कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यात धातू ओतून घडवलेल्या भागात, पोकळी सापडली की तो बॅटरी मारून आत बघतो. आतली भिंत गुळगुळीत, गोलसर असेल तर तो ब्लो होल, म्हणजे वायू अडकलाय. वाळूत ओल जास्त आहे का किंवा साच्यातून वायू बाहेर पडायला वाट कमी पडतेय का ते बघायचं. भिंत खडबडीत, दातेरी असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू थिजताना आकसला आणि रायझरमधून, म्हणजे साच्यातल्या राखीव रसाच्या कप्प्यातून, त्याला पुरेसा रस मिळाला नाही. नवीन पोरं दोन्हीला ‘होल’ लिहून मोकळी होतात. आपला मुलगा हा फरक ओळखून थेट मोल्डिंगवाल्याशी किंवा मेथडवाल्याशी (साच्याची आखणी करणाऱ्याशी) बोलतो आणि रिजेक्शन कुठून येतंय ते त्याच पाळीत सापडतं.

आता बलस्थान असं लिहिता येईल: ‘कास्टिंगमधला दोष बघून त्याचं कारण सांगता येतं. पुरावा: ग्राहकाचं ऑडिट असलं की सुपरवायझर मला पुढे उभं करतात.’ या एका ओळीत ‘मेहनती’च्या दहा ओळींपेक्षा जास्त माहिती आहे. मुलाखतीतही हीच ओळ चालते, हा वरचा फायदा.

पुरावा सापडत नसेल तर तो मुद्दा अजून बलस्थान झालेला नाही, फक्त आवड आहे. आवडीला कमी लेखू नका, पण ती या चौकोनात लिहू नका.

इथं स्वतःच्या नजरेवर फार विसंबू नये. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये ‘जोहारी विंडो’ नावाची मांडणी केली. तिच्यात एक कप्पा खास अशा गोष्टींचा आहे ज्या इतरांना आपल्याबद्दल दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत. म्हणून तिघांना विचारा: ज्याच्या हाताखाली काम केलं असा एक, बरोबरीचा एक, आणि ज्याला तुम्ही शिकवलं असा एक. ‘माझी बलस्थानं काय?’ असं विचारू नका; समोरचा भिडेखातर चार गोड शब्द बोलून मोकळा होईल. ‘कुठलं काम आलं की तुला माझी आठवण होते? आणि कुठलं काम मला द्यायचं टाळतोस?’ असं विचारा. कोल्हापूरकर मित्र असेल तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो हातचं राखून देणार नाही. ‘भावा, काम तुझं एक नंबर, पण इंग्लिशमधला मेल आला की तू दोन दिवस उघडत न्हाईस.’ हे वाक्य जसंच्या तसं उणिवांच्या चौकोनात उतरवा.

उणिवांच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे. स्वभावाची विशेषणं इथं लिहूच नयेत. ‘आळशी’, ‘भित्रा’, ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहिलं की मन खट्टू होतं आणि हाती काही लागत नाही. वागणूक लिहा, कौशल्य लिहा. ‘इंग्रजीत ईमेल लिहायला पाऊण तास लागतो, ग्राहकाचा फोन आला की दुसऱ्याच्या हातात देतो.’ ‘सीएमएमवर, म्हणजे तंतोतंत मापं घेणाऱ्या मशीनवर, मोजमाप घेता येत नाही, फक्त व्हर्नियर आणि गेजवर भागवतो.’ असं लिहिलं की पुढे काय करायचं ते त्याच ओळीत दिसतं. आणि प्रत्येक उणीव काढून टाकायची नसते. काही उणिवा आड येत नाहीत, त्या तशाच राहू द्याव्यात.

घरच्या जबाबदाऱ्या कुठल्या चौकोनात, असं बरेच जण विचारतात. आई-वडिलांचं आजारपण, घराचं कर्ज, लहान बहिणीचं शिक्षण. माझ्या मते कुठल्याच नाही. आईची काळजी घेणं ही कुणाची उणीव नसते. हे सगळं कागदाच्या कडेला वेगळं लिहा: ‘या अटी सांभाळून निर्णय घ्यायचाय.’

आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं

सगळ्यात जास्त गोंधळ संधी आणि धोके लिहिताना होतो. ओळखायची खूण अशी: तुम्ही उद्या हे सगळं सोडून कोकणात जाऊन राहिलात तरी जी गोष्ट घडतच राहील ती बाहेरची. ‘एमबीए करणं’ ही संधी नव्हे, ती तुमची कृती झाली. ‘ग्राहकांना आता नुसतं कच्चं कास्टिंग नको, मशीनिंग करून तयार भाग हवा असतो’ ही संधी, कारण ती तुमच्याशिवायही घडतेय.

आणि बाहेरची एकच घटना दोघांच्या कागदांवर दोन वेगळ्या चौकोनांत जाऊ शकते. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. ज्याने कित्येक वर्षं बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यात हात बसवला, त्याच्यासाठी हा धोका. जिला मुद्देसूद मराठी लिहिता येतं, वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून त्यावर दीड पान खरडायची सवय आहे, तिच्यासाठी संधी. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांच्या बाबतीत असं होऊ शकतं.

दुसरं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचं. वकिलांनी कित्येक वर्षं लढा दिल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं आली. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलगी ‘सर्किट बेंच’ एवढंच संधीच्या चौकोनात लिहिते आणि थांबते. पण उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. याचिका इंग्रजीत लिहाव्या लागतात, जुने निकाल शोधावे लागतात. जिल्हा न्यायालयात मराठीतून उलटतपासणी गाजवणाऱ्या ज्युनिअरला ही संधी आपसूक मिळत नाही. म्हणून संधीपुढे नेहमी एक प्रश्न लिहावा: ‘यातलं मला नेमकं काय मिळू शकतं, आणि त्यासाठी दारात काय मागतात?’

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाही हेच होतं. मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. ज्या कारागिराकडे हिशेब, पॅकिंग आणि बाहेरगावी माल धाडायची सोय आहे त्याच्या ते जास्त कामाचं.

आता धोके. आपल्या फौंड्रीतल्या मुलाने ‘इलेक्ट्रिक गाड्या येणार’ असं लिहिलंय. अशी ओळ लिहून रात्री फक्त झोप उडते. तिचा नेमका अर्थ काढायचा तर त्याने आपल्या कंपनीच्या डिस्पॅचचं रजिस्टर बघावं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे भाग लागत नाहीत. पण व्हील हब, ब्रेक ड्रम, ब्रेक डिस्क लागतातच. पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर यांची कामं वेगळीच. मागच्या वर्षभरात आपल्या इथून गेलेल्या मालात इंजिनाचे भाग किती टनांचे आणि बाकीचे किती, एवढी बेरीज केली की धोका किती खरा आहे ते कळतं. समजा इंजिनाचे भाग निम्म्याहून जास्त निघाले. मग ही काळजी वर्तमानपत्रातली राहिली नाही, त्याच्या पगाराशी जोडली गेली. दोन आणे निघाले तर धोक्यांच्या चौकोनात ती सगळ्यात खाली जाईल आणि त्याला दुसरीकडे लक्ष देता येईल.

धोक्याला पातळीही लावून ठेवावी. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते दिवसातून चार वेळा विचारतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या माणसाला हे आकडे पाठ असतात, आणि कुठल्या आकड्याला सामान माळ्यावर चढवायचं, कुठल्या आकड्याला जनावरं हलवायची हे घरात आधी ठरलेलं असतं. करिअरच्या धोक्यालाही असंच करा. ‘सलग दोन तिमाही ओव्हरटाइम बंद राहिला तर बायोडेटा अद्ययावत करून बाहेर बोलायला लागायचं. तिसरी पाळी बंद झाली तर अर्ज टाकायला सुरुवात.’ पातळी आधी लिहिलेली असली की अफवेने घाबरायला होत नाही आणि खरं पाणी चढताना गाफीलही राहत नाही.

चौकोन एकमेकांना जोडायचे, खरं काम इथं आहे

बहुतेक जण चार चौकोन भरून थांबतात. तिथं फक्त माल गोळा झालेला असतो. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातले हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ मध्ये पुढची पायरी मांडली: आतला एक मुद्दा आणि बाहेरचा एक मुद्दा यांची जोडी लावायची आणि प्रत्येक जोडीतून एक कृती काढायची. त्यांनी ही मांडणीही कंपन्यांसाठीच केली होती, पण माणसाला ती तितकीच लागू पडते. जोड्या चार प्रकारच्या होतात, पण चारही सारख्या महत्त्वाच्या नसतात.

बलस्थान आणि संधी यांची जोडी आधी बघा, कारण तिथं कमी कष्टात जास्त मिळतं. आपल्या मुलाला दोषाचं कारण ओळखता येतं आणि ग्राहकांना तयार भाग हवाय. इथं राहायचं तर तपासणीतून निघून मेथड किंवा डेव्हलपमेंट विभागात जाणं ही सरळ वाट, कारण साचा बनायच्या आधीच दोष टाळायचं काम तिथं चालतं. चाकणला जायचं तर त्याने वाहन कंपनीत पुरवठादारांच्या गुणवत्तेचं काम बघावं. तिथले अनेक इंजिनिअर फौंड्रीच्या आत कधी पाळी भरलेले नसतात. हा भरलेला आहे. पाच वर्षांच्या भट्टीशेजारच्या कामाला तिथं खास भाव आहे आणि हे त्याला कागद मांडल्याशिवाय सुचलं नसतं.

उणीव आणि धोका यांची जोडी सगळ्यात नाजूक. इंजिनाचे भाग निम्म्याहून जास्त आणि इंग्रजी ईमेलची भीती, दोन्ही एकत्र आले तर काम कमी होण्याच्या काळात बाहेरची दारंही बंद राहतात. उरलेल्या दोन जोड्या, म्हणजे बलस्थानाने धोका थोपवणं आणि उणीव भरून काढून संधी गाठणं, या बहुधा याच्यातूनच निघतात. त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

सगळ्या जोड्या लावून झाल्या की एक गोष्ट शोधा: कुठला मुद्दा दोन्ही वाटांवर आडवा येतो? या मुलाच्या कागदावर तो मुद्दा लगेच दिसतो. मेथड विभागात गेला तरी ग्राहकाशी ईमेलवर बोलावं लागणार, चाकणला गेला तर दिवसभर तेच. म्हणजे पुण्याला जायचं की नाही याचा निर्णय आज घ्यायची गरजच नाही. दोन्हीकडे लागणारं काम आज सुरू करता येतं. ग्राहकाचे जुने ईमेल काढायचे, त्यातली नेहमीची वीस-पंचवीस वाक्यं वहीत उतरवायची, आणि पुढचा महिनाभर प्रत्येक तक्रारीचं पहिलं उत्तर आपण लिहायचं, सुपरवायझरला दाखवून पाठवायचं. दुसरं काम सीएमएमचं. कंपनीत मशीन असेल तर पाळी संपल्यावर ऑपरेटरजवळ तासभर थांबायचं, नसेल तर शनिवार-रविवारचा कोर्स बघायचा. तिसरी गोष्ट लिहूच नये. तीन महिन्यांत दोन कामं नीट झाली तरी भरपूर.

निर्णय ज्या दिवशी घ्यायचा ती तारीख कागदावर टाका, आणि त्याआधी, आजपासून तीन महिन्यांनी, एकदा उजळणी. त्या वेळी नवा कागद घेऊ नका. त्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या पेनाने खोडा आणि लिहा, म्हणजे काय बदललं ते दिसतं.

हा कागद घरी दाखवावा का? मी म्हणेन, जरूर दाखवा, निदान ज्याच्यावर तुमच्या निर्णयाचा भार पडणार आहे त्याला तरी. आपण घरच्यांच्या वतीने बऱ्याच गोष्टी मनातल्या मनात गृहीत धरलेल्या असतात. या मुलाने कडेला लिहून ठेवलं होतं: ‘सुट्टीचे दिवस उसात जातात, कोर्स जमणार नाही.’ वडिलांनी कागद वाचला, आणि समजा ते म्हणाले, ‘पाणी पाजायला मी हाय की. तोडीची टोळी आली की दोन दिवस रजा टाक, बाकीचं माझं मी बघतो. तू कोर्सची फी भर आधी.’ मग कडेची ती ओळ खोडायची, आणि कोर्सची बॅच कधी सुरू होतेय ते विचारायला सोमवारी फोन करायचा.